वॉटरप्रूफ प्लाय आणि कपड्यांवरची बुरशी

बोरिवली-मुलुंडकडे घराचं फर्निचर करताना कपाटासाठी हमखास ‘वॉटरप्रूफ’ प्लाय मागितला जातो. तो लावला की पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येणार नाही, असा समज असतो. पण ही हमी प्लायच्या थरांमधल्या गोंदापुरतीच असते. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) यानुसार होणाऱ्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात. थर सुटले नाहीत तर प्लाय पास. कपाटातल्या हवेशी या चाचणीचा संबंध नाही.

गरम पोळ्या डब्यात झाकल्या तर डब्याला काही होत नाही, पोळ्या मात्र ओलसर होतात. कपाटाचंही तसंच.

बुरशी येते ती कोंडलेल्या दमट हवेमुळे आणि मागच्या भिंतीमुळे. दोन इंच जागा वाचावी म्हणून पुष्कळदा भिंतच कपाटाची पाठ मानली जाते. जुन्या सोसायटीत ती बाहेरची भिंत असेल, तर जुलैत ओल थेट साड्यांपर्यंत पोचते. म्हणून कपाट शक्यतो आतल्या भिंतीला घ्यावं. नाइलाज असेल तर आधी गळती काढावी, पाठीला स्वतंत्र प्लाय लावावा, मागे इंच-दोन इंच फट सोडावी आणि ती वर-खाली उघडी ठेवावी.

सुताराला माप देताना ही फट वेगळी धरावी. हँगरसाठी आतून साधारण २२ इंच खोली लागते. त्यातून फट कापली, तर शर्टाच्या बाह्या दारात अडकतात.