आकड्याशेजारची चौकट

उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, दिल्लीच्या सीमेलगत १९७६ साली वसवण्यात आलेल्या नोएडा या औद्योगिक नगरीच्या हवेची स्थिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दैनिक पत्रकात तक्त्याच्या एका ओळीत दिलेली असते. शहराचे नाव, हवेची प्रत, निर्देशांक, प्रमुख प्रदूषक आणि नोंदी देणाऱ्या केंद्रांची संख्या एवढेच त्या ओळीत असते; सेक्टर १, ६२, ११६ आणि १२५ येथील केंद्रांवर दुपारी चारपर्यंतच्या चोवीस तासांत जे मोजले गेले, ते सारे त्यात आटून आलेले असते. निर्देशांक ३२३ आणि प्रत ‘अतिवाईट’ असे वाचणाऱ्याला दम्याच्या रुग्णाने त्या दिवशी फिरायला जावे की नाही, हे त्या आकड्यावरून उमगत नाही. तो उलगडा पत्रकातील टिपांमुळे होतो, कारण या प्रतीची हवा दीर्घकाळ श्वासात गेल्यास श्वसनाचे आजार होऊ शकतात, असे तेथे शब्दांत सांगितलेले असते. संख्याशास्त्रीय अहवालात अशा मजकुराला स्वतंत्र चौकट देणे ही छपाईची सजावट समजली जाते; तिला मापनाचाच शेवटचा टप्पा मानणे अधिक योग्य ठरेल.

३२३ हा आकडा कसा निघतो, हे पाहिले की चौकटीची गरज स्पष्ट होते. पुण्याचे प्रकाश जावडेकर केंद्रीय पर्यावरणमंत्री असताना ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर झालेला आणि एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय वायुगुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांचा विचार करतो. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढला जातो आणि त्यांतील सर्वांत मोठा, तोच त्या केंद्राचा निर्देशांक ठरतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. समजा, त्यांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम भरली, तर ती १२१ ते २५० या पट्ट्यात पडते आणि या पट्ट्याला निर्देशांकाच्या मोजपट्टीवर ३०१ ते ४०० ही जागा दिलेली आहे. १५० हा आकडा १२१ पासून २९ ने पुढे आहे, पट्ट्याची लांबी १२९ आहे. म्हणून ९९ ला २९ ने गुणून १२९ ने भागले की सुमारे २२ येतात आणि ते ३०१ मध्ये मिळवले की ३२३ होतात. म्हणजे ३२३ हे कणांचे वजन नव्हे आणि टक्केवारीही नव्हे, हे वाचकाला कोणीतरी आकड्याशेजारीच सांगावे लागते.

ही जाणीव संगणकापेक्षा जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची आकृती छापली, तेव्हा पाकळ्यांचे क्षेत्रफळ केंद्रापासून मोजावे, ही सूचना त्याच पानाच्या कोपऱ्यात दिली. शार्ल मिनार यांनी १८६९ मध्ये नेपोलियनच्या रशियावरील मोहिमेचा नकाशा काढला, तेव्हा एक मिलिमीटर रुंदी म्हणजे दहा हजार सैनिक, हे प्रमाण नकाशावरच लिहिले. या सूचना काढून घेतल्या तर दोन्ही आकृत्या केवळ सुंदर चित्रे म्हणून उरतील.

संगणकावर मात्र आकडे आणि शब्द यांची दीर्घकाळ ताटातूट झाली. नोएडाच्या स्थापनेच्याच वर्षी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात कंपनी म्हणून उभ्या राहिलेल्या ‘सॅस’ या संख्याशास्त्रीय प्रणालीची निष्पत्ती सुरुवातीला टंकलेखन यंत्रावर काढल्यासारखी, एकाच रुंदीच्या अक्षरांची असे आणि तिचे स्पष्टीकरण दुसरा कोणीतरी वेगळ्या कागदावर लिही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘आउटपुट डिलिव्हरी सिस्टीम’ने, म्हणजे ‘ओडीएस’ने, गणिताचा निकाल आणि त्याचे दृश्य रूप वेगळे केले, त्यामुळे एकच निकाल पीडीएफ, वर्ड किंवा जालपृष्ठ म्हणून मिळू लागला. तिच्या ‘टेक्स्ट’ आज्ञेने तक्त्याच्या वर किंवा खाली परिच्छेद घालता येतो. आधी ठरवून दिलेल्या एका खुणेच्या अक्षरामागे शैली लिहिली की त्याच वाक्यातील एखादा शब्द ठळक किंवा लाल होतो. पुढे २०१३ च्या ९.४ या आवृत्तीत परिच्छेद आणि याद्या रचण्यासाठी ‘ओडीएसटेक्स्ट’ ही स्वतंत्र प्रक्रिया मिळाली. पानाची उभ्या-आडव्या घरांत वाटणी करून एका घरात आलेख आणि शेजारच्या घरात कडा, पार्श्वरंग व समास असलेली मजकुराची चौकट ठेवण्याची सोयही या प्रणालीत आहे. मुक्त वापराच्या ‘आर’ या भाषेत हेच काम ‘जीजीटेक्स्ट’ हे पॅकेज करते. आलेखावरची लांब टीप एरवी एकाच ओळीत पळत कडेला कापली जाते, ती या चौकटीच्या रुंदीत आपोआप दुमडली जाते.

तथापि, चौकटीतील वाक्य हाताने टंकलेले असेल, तर ही सारी सोय धोक्याचीही ठरते. दुसऱ्या दिवशी निर्देशांक १८० वर उतरतो, तक्ता व आलेख नव्याने निघतात आणि चौकटीत मात्र कालचे ‘अतिवाईट’ तसेच राहते. ठळक अक्षरांत छापलेली ही गफलत तक्त्यातील चुकीपेक्षा जास्त घातक असते, कारण बहुतेक वाचक चौकटच आधी वाचतात. यावरचा उपाय म्हणजे वाक्यात आकड्याच्या जागी चलाचे नाव लिहिणे, म्हणजे अहवाल तयार होताना आज्ञावली तेथे त्या दिवशीचे मूल्य भरते. डोनाल्ड कनुथ यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या, आज्ञावली आणि तिचे विवेचन एकाच धारिकेत लिहिण्याच्या विचारातून २००२ मध्ये ‘आर’साठी ‘स्वीव्ह’ हे साधन आले. त्याच्या नावातील ‘वीव्ह’ म्हणजे विणणे, आणि ते अगदी सार्थ आहे. अधिक नेटकी आज्ञावली केवळ आकडाच नव्हे, तर वाक्यही निवडते. सोळा तासांपेक्षा कमी नोंदी असतील किंवा तीनपेक्षा कमी प्रदूषकांची माहिती असेल, तर निर्देशांक काढू नये, असा नियम आहे. अशा दिवशी चौकटीत ‘अपुऱ्या नोंदी’ हे शब्द आपोआप आले पाहिजेत, नाहीतर रिकामे घर स्वच्छ हवेचे लक्षण समजले जाईल.

मराठी आणि हिंदी वाचकांसाठी आणखी एक अडचण उरते. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी येते, पण कागदावर वेलांटी आधी उमटावी लागते. हे काम ‘हार्फबझ’सारखे अक्षरजुळणी करणारे साधन करते. ‘आर’चे मूळ पीडीएफ साधन ही जुळणी करत नाही, त्यामुळे वेलांट्या भलत्या जागी जातात आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात; ‘कैरो’ या चित्रणप्रणालीवर आधारलेले साधन वापरले आणि योग्य टंक निवडला, तर तोच मजकूर सुरेख उमटतो. देवनागरीतून अहवाल काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने चौकटीचा रंग ठरवण्याआधी ‘स्थिती’, ‘वर्ष’ आणि ‘दऱ्या’ हे तीन शब्द त्या चौकटीत छापून पाहावेत.