गिऱ्हाईक दक्षिणेला, इंधन उत्तरेला

सप्टेंबर २०२४च्या पहिल्या आठवड्यात रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतीन मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला उतरले. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्येच त्यांच्या नावे अटक वॉरंट काढले होते. मंगोलिया या न्यायालयाचा सदस्य आहे. इतकेच नव्हे, तर त्याच वर्षी एक मंगोलियन विदुषी तेथे न्यायाधीश म्हणून रुजू झाल्या होत्या. करारानुसार पाहुण्यांना अटक करणे हे यजमानांचे कर्तव्य होते. प्रत्यक्षात पाहुण्यांना मानवंदना देण्यात आली. टीका सुरू झाली तेव्हा मंगोलियाच्या सरकारी प्रवक्त्याने जे सांगितले ते मला फार बोलके वाटले. आम्ही पेट्रोलियम पदार्थांपैकी ९५ टक्के आणि विजेपैकी २० टक्क्यांहून अधिक वाटा शेजाऱ्यांकडून आणतो, हा पुरवठा पूर्वी खंडितही झालेला आहे आणि आमचे अस्तित्व त्यावर अवलंबून आहे, असा त्याचा आशय होता. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने मंगोलियाने कर्तव्यात कसूर केल्याचा निर्णय दिला. तोवर उलानबातरमध्ये घरे तापवण्याचा हंगाम सुरू झाला होता. हा हंगाम १५ सप्टेंबरला सुरू होतो आणि १५ मेपर्यंत चालतो. वर्षातले आठ महिने.

या घटनेकडे बहुतेकांनी पुतीन यांच्या बाजूने पाहिले. मला ती मंगोलियाच्या बाजूने पाहावीशी वाटली. मी कोणत्याही विद्यापीठाचा माणूस नाही. देशोदेशींच्या व्यापाराचे तक्ते वाचत बसण्याचा नाद मात्र जुना आहे. मंगोलियाचे तक्ते वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. सर्वांत मोठा आकडा ज्या शेजाऱ्यासमोर दिसतो, त्याच्यापेक्षा लहान आकडा असलेल्या शेजाऱ्याची धास्ती काही बाबतींत अधिक आहे.

वाचकांनी एकदा नकाशा पाहावा. महाराष्ट्राच्या पाचपट भूमी आणि त्यावर सुमारे ३५ लाख माणसे, म्हणजे साधारण आपल्या पुणे शहराइतकी. त्यांतली जवळजवळ निम्मी एकट्या उलानबातरमध्ये. उत्तरेला रशिया, उरलेल्या तिन्ही बाजूंनी चीन. तिसरा शेजारी नाही, समुद्र नाही. निर्यातीपैकी ९० टक्क्यांच्या आसपास माल चीनला जातो : कोळसा, तांब्याची भुकटी, थोडे कच्चे तेल, लोकर. रशियाला जाणारी निर्यात जेमतेम एक टक्का. आयातीत रशियाचा वाटा साधारण पाव, पण त्या पावात देशातली जवळजवळ प्रत्येक मोटार, ट्रक, ट्रॅक्टर आणि खाणीतले यंत्र चालवणारे पेट्रोल-डिझेल आहे.

गंमत म्हणजे १९८०च्या दशकातले तक्ते काढले तर तिथेही ९० टक्केच दिसतात, फक्त दिशा उलटी. तेव्हा सगळा व्यापार सोव्हिएत गटाशी होता. मंगोलिया १९६२ मध्ये कोमेकॉन या समाजवादी व्यापारसंघात सामील झाला होता आणि अखेरच्या वर्षांत सोव्हिएत मदत ही राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास एक-तृतीयांश होती. १९९१ मध्ये ती एकाएकी थांबली. तेल डॉलर मोजून घ्यावे लागू लागले आणि डॉलर तर नव्हते. देशाने तेव्हा रेशनकार्डाचे दिवस पाहिले. त्या अनुभवातून 'तिसरा शेजारी' हे धोरण आले. १९९०च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर उलानबातरला आले होते, त्यांच्या नावाशी हा शब्दप्रयोग जोडला जातो. सीमा न लागणारे, पण मैत्री असणारे देश : अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, युरोप आणि भारत.

आधी दक्षिणेचा दोर पाहू. गोबीच्या वाळवंटात तवान तोल्गोई येथे सहाशे कोटी टनांहून अधिक कोळसा आहे, त्यातला बराचसा पोलादाच्या भट्ट्यांना लागणाऱ्या कोकिंग जातीचा. चीनची सीमा तेथून अडीचशे किलोमीटरच्या आत. २०११ मध्ये या खाणीच्या सरकारी कंपनीने चाल्को या चिनी सरकारी कंपनीकडून २५ कोटी डॉलरची आगाऊ रक्कम घेतली आणि बदल्यात ठरल्या दराने कोळसा देण्याचे कबूल केले. तो पैसा नागरिकांना दरमहा रोख वाटण्यात खर्च झाला. निवडणूक जवळ होती. ऊसतोडीच्या उचलीचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. पैसे एका हिवाळ्यात संपले आणि कोळसा फिटेपर्यंत वर्षे गेली. पुढे हीच चाल्को दुसऱ्या एका खाण कंपनीचा बहुसंख्य हिस्सा घ्यायला निघाली, तेव्हा २०१२ मध्ये संसदेने घाईने परकी गुंतवणुकीवर निर्बंध घालणारा कायदा केला. चाल्को मागे फिरली. पण तिच्याबरोबर इतर देशांचे गुंतवणूकदारही बिचकले आणि पुढच्याच वर्षी तो कायदा गुंडाळावा लागला.

हा कोळसा न्यायचा कसा, यावर तर दहा-बारा वर्षे वाद झाला. वाद रुळांच्या रुंदीचा. मंगोलियाचे रूळ रशियन मापाचे, १५२० मिलिमीटर; चीनचे १४३५. फरक चार बोटांचा, पण गाडी पुढे जात नाही. मिरज जंक्शनवर एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही मापे एकत्र होती, आणि एका गाडीतला माल हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत जात असे, हे आमच्या पिढीला ऐकून-पाहून माहीत आहे. मिरजेत तो केवळ खोळंबा होता. मंगोलियात तो राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न मानला गेला. चिनी मापाचे रूळ घातले तर कोळसा स्वस्तात जाईल, पण देशाचा नैसर्गिक कल कायमचा दक्षिणेकडे होईल, असे एका पक्षाचे म्हणणे. रशियन माप ठेवले तर सीमेवर माल उतरवून पुन्हा भरा. २०१० मध्ये रुंद मापाचे धोरण ठरले, २०१४ मध्ये संसदेने अरुंद मापाला मान्यता दिली, आणि २०२२च्या सप्टेंबरमध्ये तवान तोल्गोई ते गाशुनसुखाईत हा २३३ किलोमीटरचा मार्ग अखेर उघडला तेव्हा तो रुंद मापाचाच होता. तोपर्यंत कोळसा ट्रकांनी जात होता. २०१७ मध्ये सीमेवरची ट्रकांची रांग शंभर किलोमीटरहून लांब गेली होती. ड्रायव्हर आठवडा-आठवडा त्या रांगेत राहत, केबिनमध्येच स्वयंपाक करत. रांग किती हलायची, हे पलीकडच्या जकात नाक्यावर ठरत असे.

त्या नाक्याचा उपयोग कसा होतो, हे २०१६ मध्ये दिसले. नोव्हेंबरात दलाई लामा उलानबातरला आले. मंगोल लोकांचा बौद्ध धर्म तिबेटी परंपरेचा, त्यामुळे निमंत्रण मठाचे होते आणि भेट धार्मिक होती. चीनने कर्जाची बोलणी थांबवली आणि गाशुनसुखाईतच्या पलीकडे मंगोलियन मालावर अतिरिक्त शुल्क लावले. तिजोरी तेव्हा रिकामी होती आणि चलन घसरत होते. डिसेंबरात मंगोलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केले की या सरकारच्या काळात दलाई लामांना पुन्हा येऊ दिले जाणार नाही. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने सुमारे ५५० कोटी डॉलरची मदत जुळवण्यात आली, आणि त्यातही चीनच्या मध्यवर्ती बँकेने चलन-अदलाबदलीची मुदत वाढवणे हा महत्त्वाचा भाग होता.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग चीनच मोठा धोका. मला तसे सरळ वाटत नाही. गिऱ्हाईक कितीही मोठे असले तरी त्याला मालाची गरज असते. २०२०च्या अखेरीस चीनने ऑस्ट्रेलियाशी भांडण काढून तिथला कोळसा बंद केला, तेव्हा चिनी पोलाद कारखान्यांना मंगोलियाची किंमत कळली. महासाथीत सीमा बंद झाल्याने निर्यात २०१९ मधील सुमारे ३.६ कोटी टनांवरून २०२१ मध्ये १.६ कोटींवर आली होती. २०२४ मध्ये ती ८ कोटी टनांच्या पुढे गेली. डिसेंबर २०२२ मध्ये कोळशाच्या चोरट्या व्यवहारांविरुद्ध लोक कडाक्याच्या थंडीत सुखबातर चौकात उतरले, आणि त्यानंतर सरकारने कोळसा शेअर बाजारात लिलावाने विकायला सुरुवात केली. म्हणजे या दोरात थोडी का होईना, घासाघीस शक्य आहे.

उत्तरेच्या दोरात ती नाही. रशियाच्या तेलधंद्यात मंगोलियाचे गिऱ्हाईक म्हणजे किरकोळ. ते उद्या नसले तरी मॉस्कोत कुणाची झोप मोडणार नाही. मे २०११ मध्ये रशियाने आपल्या देशातल्या टंचाईपायी निर्यात आखडती घेतली आणि मंगोलियात पंपांवर डिझेल मिळेनासे झाले. त्यात मंगोलियाशी भांडण असे काहीच नव्हते.

विजेचेही तसेच. उलानबातरला ऊब आणि वीज देणारी केंद्रे सोव्हिएत काळातली. सर्वांत मोठे क्रमांक चारचे केंद्र १९८३ मध्ये सुरू झाले. ती कोळशावर चालतात आणि विजेबरोबरच गरम पाणीही शहरभर पुरवतात. त्यामुळे संध्याकाळी मागणी एकदम चढली की त्यांना झटकन वेग देता येत नाही. तो चढ भरून काढतात रशियाकडून येणाऱ्या तारा. यावर उपाय जलविद्युत : दरवाजा उघडला की काही मिनिटांत वीज. सेलेंगे नदीची उपनदी एगीन गोल हिच्यावर ३१५ मेगावॉटचा प्रकल्प ठरला. पैसे चीनच्या एक्झिम बँकेचे, जवळपास १०० कोटी डॉलर. सेलेंगे पुढे रशियात जाऊन बैकाल सरोवराला मिळते आणि बैकालच्या पाण्यापैकी साधारण निम्मे तिच्यातून येते. रशियाने पर्यावरणाचा मुद्दा काढला. तो मुद्दा पोकळ नाही. बैकाल हा जागतिक वारसा आहे. पण २०१६ मध्ये त्याच्याबरोबर पुतीन यांची सूचनाही आली, की वीज हवी असेल तर आमच्याकडून अधिक घ्या. चीनने कर्ज रोखून धरले. एका शेजाऱ्याचा पैसा, दुसऱ्याची हरकत आणि धरण कागदावर. त्यानंतर चिनी कर्जावरच जो प्रकल्प पुढे नेण्यात आला, तो एर्देनेबुरेनचा, ९० मेगावॉटचा. तो पश्चिमेला खोव्द नदीवर आहे. खोव्द रशियात जात नाही. मंगोलियातच एका सरोवरात जिरते.

गोबीतल्या ओयू तोल्गोई या तांब्याच्या खाणीची वीज मात्र चीनच्या इनर मंगोलियातून येते. खाणीत ३४ टक्के हिस्सा मंगोलिया सरकारचा, ६६ टक्के रिओ टिंटो कंपनीचा. २००९च्या करारात काही वर्षांत देशी वीज वापरण्याचे ठरले होते, ते आजही झालेले नाही. तांबे चीनला जाते आणि ते खणणारी वीज चीनमधून येते. वाऱ्याची आणि उन्हाची गोबीत कमतरता नाही. २०१३ मध्ये साल्खित येथे ५० मेगावॉटचे पहिले पवनऊर्जा केंद्र सुरू झाले, नंतर आणखी झाली, पण हिवाळ्यातली ऊब त्यांच्यावर सोपवण्याइतकी ती अजून नाहीत. रशियाचा वायू मंगोलियातून चीनला नेणाऱ्या 'पॉवर ऑफ सायबेरिया-२' वाहिनीबद्दल बरेच लिहिले जाते. वर्षाला ५० अब्ज घनमीटर वायूची ही योजना. भाव आणि वेळ मॉस्को-बीजिंग ठरवणार, मंगोलिया वाटेत आहे.

आता आपल्या देशाचा धागा. मे २०१५ मध्ये पंतप्रधान मोदी उलानबातरला गेले तेव्हा भारताने १०० कोटी डॉलरचे कर्ज जाहीर केले. पुढे ते १७० कोटींपर्यंत वाढले. त्यातून दोर्नोगोवी प्रांतात सायनशांदजवळ, आल्तानशिरे येथे वर्षाला १५ लाख टन क्षमतेची तेलशुद्धीकरण शाळा उभी राहत आहे. जून २०१८ मध्ये पायाभरणी झाली. विचार साधा आहे. पूर्वेकडच्या दोर्नोद प्रांतात कच्चे तेल निघते, ते शुद्धीकरणाची सोय नसल्याने चीनला विकले जाते आणि शुद्ध तेल रशियाकडून घेतले जाते. तेच तेल वाहिनीने सायनशांदला आणायचे. पूर्ण क्षमतेने चालली तर देशाच्या गरजेचा मोठा भाग त्यातून भागेल. भारताच्या परदेशी कर्जांपैकी हा मला सर्वांत विचारपूर्वक निवडलेला प्रकल्प वाटतो, कारण त्याने नेमकी उत्तरेची गाठ धरली आहे. उलट दिशेने, भारतीय पोलाद कारखान्यांना मंगोलियाचा कोकिंग कोळसा हवा आहे, कारण आपण तो बहुतांश आयातच करतो. पण तो आणायचा तर एकतर चीनच्या बंदरातून किंवा रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरून. तिसऱ्या शेजाऱ्याकडे जाणारा रस्ता पहिल्या दोघांच्या अंगणातून जातो.

शुद्धीकरण शाळेलाही यातून पूर्ण सुटका नाही. दोर्नोदच्या तेलक्षेत्रांचे मुख्य काम पेट्रोचायनाच्या उपकंपनीकडे आहे, म्हणजे कच्चा माल चिनी हातांनी वर येणार. आणि तयार झालेले डिझेल सायनशांदहून उलानबातरला जाईल ते ट्रान्स-मंगोलियन मार्गाने. तो मार्ग चालवणारी उलानबातर रेल्वे १९४९ मध्ये स्थापन झाली. तिचा अर्धा हिस्सा मंगोलिया सरकारचा आहे, उरलेला अर्धा रशियाचा.