साक्षीदारांची हजेरी व सरकारचे कर्तव्य

वसईच्या एका तरुणीचा २०२२ साली दिल्लीत खून झाला. ती बेपत्ता असल्याची तक्रार माणिकपूर पोलीस ठाण्यात झाली होती. परंतु गुन्हा दिल्लीतील, म्हणून खटला साकेतच्या न्यायालयात उभा राहिला, आणि तिच्या आप्तांस साक्षीसाठी हजाराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करणे प्राप्त झाले. त्यांस न्याय हवा होता म्हणून ते गेले. परंतु ज्याने केवळ दैवयोगाने काही पाहिले, असा नालासोपाऱ्याचा दुकानदार अथवा अर्नाळ्याचा कोळी अशा किती खेपा घालील, हे वाचकांनीच ठरवावे.

कायद्याच्या हाती दंडुका नाही असे नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे समन्स टपालाने वा इलेक्ट्रॉनिक साधनानेही बजावता येते. ते वेळेवर पोचूनही साक्षीदार सबळ कारणावाचून न आला, तर कलम ९० अन्वये वॉरंट काढून त्यास आणविता येते. आणि कलम ३८९ खाली संक्षिप्त चौकशी करून पाचशे रुपयांपर्यंत दंड करता येतो. १९७३ च्या संहितेत हाच दंड शंभर रुपये होता. ज्यास जिवाची भीती आहे तो पाचशे रुपये आनंदाने भरील!

खरे दुखणे निराळेच आहे. साक्षीदार रोजगार बुडवून येतो, दिवसभर बाकावर ताटकळतो आणि सायंकाळी पुढील तारीख घेऊन घरी जातो. साक्षीदार हजर असता, लेखी नमूद केलेल्या खास कारणावाचून त्याची साक्ष न घेता खटला तहकूब करू नये, अशी कलम ३४६ ची आज्ञा आहे. या हेळसांडीवर सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात २००० सालीच कडक ताशेरे मारले होते. कलम ३५० प्रमाणे मिळावयाचा खर्चही त्याच दिवशी हातावर पडला पाहिजे.

महाराष्ट्राने २०१७ साली साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी योजनेस मान्यता दिली. संरक्षणासाठी अर्ज कोठे करावयाचा, एवढे समन्साच्या पाठीवर ठळक मराठीत छापण्यास कितीसा खर्च येणार?

नव्या संहितेने सरकारने नेमलेल्या स्थळावरून दृक्‌श्राव्य साधनांनी साक्ष घेण्याची मुभा दिली आहे. असे स्थळ वसईकरांस जवळ असावे व परप्रांतीच्या न्यायालयांनीही त्याचा उपयोग करावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. साक्षीदारास पढविणारा कोणी शेजारी बसू नये, एवढ्यासाठी तेथे एक जबाबदार अधिकारी बसवावा म्हणजे झाले.