चांगदेव चतुष्टय आणि प्राध्यापक वाचक : मतभेदाचे स्वरूप

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले, त्या मानाने ‘बिढार’ (१९७५), ‘हूल’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) यांची चर्चा मर्यादित राहिली. चांगदेव पाटील हा या चारही कादंबऱ्यांचा नायक असल्याने त्यांना ‘चांगदेव चतुष्टय’ म्हटले जाते. वस्तुतः ही चार भागांतील एकच दीर्घ, उपरोधप्रधान कादंबरी आहे. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर गावोगावी वाढलेले महाविद्यालयीन जग हा तिचा मुख्य विषय असल्याने तिचा सर्वांत जवळचा वाचक प्राध्यापक हाच होय. याच वाचकवर्गात तिच्याविषयी परस्परविरोधी मते आढळतात. काहींना ती आपल्या व्यवसायाविषयीचे सर्वांत प्रामाणिक लेखन वाटते, तर काहींना ती निव्वळ कडवट आणि पसरट वाटते. या मतभेदाची कारणे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कोल्हापुरातून या प्रश्नाकडे पाहताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. ना. सी. फडके येथील राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, आणि वि. स. खांडेकर १९३८ पासून अखेरपर्यंत या नगरीत राहिले. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात कथानकाची बांधणी, उत्कंठा, प्रसंगांची निवड यांचे शास्त्रच मांडले. खांडेकरांनी कादंबरीला ध्येयवादाचे अधिष्ठान दिले. त्यांच्या ‘ययाति’ला १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले आणि लगेच पुढील वर्षी ‘बिढार’ व ‘हूल’ प्रसिद्ध झाल्या, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. कथानक गुंफलेले असावे आणि वाचकाच्या हाती शेवटी काही मूल्य पडावे, या दोन्ही अपेक्षा आपल्या वाचनसंस्कारात मुरलेल्या आहेत. चतुष्टय त्यांतील एकही पूर्ण करीत नाही.

पसरटपणाचा आक्षेप येथूनच येतो. ‘बिढार’मध्ये मुंबईतील मित्रमंडळी, लघुनियतकालिके, आजारपण आणि बेकारी यांतून जात चांगदेव इंग्रजीचा प्राध्यापक होण्यापर्यंत पोहोचतो. पुढील तीन भागांत गाव बदलते, महाविद्यालय बदलते, बाकी बरेचसे तेच राहते. प्राचार्य, संस्थाचालक, खोली शोधणे, खाणावळ, गटबाजी, परीक्षा आणि पुन्हा राजीनामा. एकच भाग हाती घेणाऱ्यास हे तपशिलांचे ढिगारे वाटतात यात नवल नाही. चारही भाग सलग वाचणाऱ्यास मात्र ही पुनरावृत्ती हेच आशयसूत्र असल्याचे दिसते. दर जूनमध्ये नव्याने सुरू होऊन मार्च-एप्रिलमध्ये तेथेच येऊन थांबणारे वर्ष ज्याने वीस-पंचवीस वेळा अनुभवले आहे, त्या प्राध्यापकाला हे वेगळे सांगावयास नको. शीर्षकेही हेच सुचवितात. बिढार म्हणजे तात्पुरता मुक्काम, हूल म्हणजे पोकळ चाल, जरीला ही खानदेशातील कपाशीची एक जात, आणि झूल म्हणजे सणाला बैलाच्या पाठीवर घालावयाचे नक्षीदार वस्त्र. पदवी आणि पदनाम यांना झूल म्हणणे हा उपरोध कठोर खरा, पण तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि माझ्या मते मतभेदाचे खरे मूळ त्यातच आहे. हा उपरोध नेमका कोणावर आहे? ‘कोसला’मध्ये पांडुरंग सांगवीकर प्रथमपुरुषी निवेदनातून बोलतो, त्यामुळे त्याने केलेली थट्टा प्रथम त्याच्यावरच उलटते. चतुष्टयात निवेदन तृतीयपुरुषी आहे, परंतु ते चांगदेवाला चिकटून चालते. परिणामी सहकाऱ्यांची क्षुद्रता स्पष्ट दिसते, मात्र चांगदेवाकडे बाहेरून पाहणारे कोणी नसते. विरोधी मताचे वाचक विचारतात की, हाही त्याच व्यवस्थेचा पगार घेतो, मग हा एकटाच स्वच्छ कसा? येथे श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) या हिंदी कादंबरीची तुलना उपयुक्त ठरते. शिवपालगंजचे महाविद्यालय आणि त्याचे व्यवस्थापक वैद्यजी यांचे चित्र कमी भेदक नाही. परंतु तेथील रंगनाथ हा प्रकृती सुधारण्यासाठी मामाकडे आलेला पाहुणा आहे. वाचक त्याच्यासोबत काठावर उभा राहून हसू शकतो. चांगदेव पाहुणा नाही, हजेरीपटावर त्याचे नाव आहे. त्याच्यासोबत वाचणाऱ्या प्राध्यापकाला काठ उपलब्ध नसतो. मग तो एकतर स्वतःला चांगदेव समजतो आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यात इतर पात्रे शोधू लागतो, किंवा आपणच त्या इतरांपैकी आहोत हे ओळखून पुस्तक मिटतो. पहिल्या प्रकारचे वाचन समर्थकांत सर्रास आढळते, आणि ते विरोधकांच्या रागापेक्षा फारसे खोल नाही. नेमाडे यांनी स्वतः तेव्हाच्या अहमदनगर, धुळे, औरंगाबाद येथे अध्यापन केल्यामुळे ‘हा कोण, तो कोण’ असे मूळ व्यक्ती शोधण्याचे वाचनही पुष्कळ झाले. ते मनोरंजक असेल, पण कादंबरीला त्याचा काही उपयोग नाही.

काळजीपूर्वक वाचल्यास मात्र चांगदेव सुटत नाही असे दिसते. तो सारे पाहतो, सारे जाणतो, आणि बहुतेक वेळा बिढार उचलतो. संस्थांतील जातीनिहाय गटांचे चित्रण हे याचे उत्तम उदाहरण होय. शिक्षणाचा प्रसार आणि जातीचे संघटन ही दोन्ही एकाच इमारतीत कशी नांदतात, हे इतक्या उघडपणे मराठी कादंबरीत क्वचितच आले होते. बहुजन समाजातील शिक्षणसंस्थांचे योगदान मोठे आहे, कर्मवीर भाऊराव पाटील आणि बापूजी साळुंखे यांच्या कार्यभूमीत तर ते सांगण्याची आवश्यकताच नाही. त्यामुळे येथील काही ज्येष्ठांना हे चित्रण अन्यायकारक वाटते आणि त्यांची व्यथा समजण्याजोगी आहे. तथापि संस्था उभारणाऱ्यांच्या त्यागाने ती चालविणाऱ्यांच्या वर्तनाची हमी मिळत नाही. राजन गवस यांच्या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त ‘तणकट’चा स्वीकार ज्या भागात झाला, तेथे ही गोष्ट मान्य होण्यास अडचण नसावी.

स्त्रीपात्रांविषयीचा आक्षेप मात्र मला टाळता येण्यासारखा वाटत नाही. चतुष्टयात स्त्रिया प्रामुख्याने चांगदेवाच्या एकाकीपणाच्या संदर्भात येतात. स्वतः नोकरी करणारी, वर्ग घेणारी, त्याच गटबाजीत होरपळणारी प्राध्यापिका तेथे पुरेशी उभी राहत नाही. आज आपल्या अनेक विभागांत निम्म्या किंवा त्याहून अधिक खुर्च्यांवर प्राध्यापिका आहेत. त्यांना या कादंबरीत स्वतःची जागा सापडत नसेल, तर दोष वाचकाचा म्हणता येणार नाही.

अलीकडे या मतभेदात एक तिसरा पक्ष निर्माण झाला आहे. तो कथानकाविषयी तक्रार करीत नाही आणि कडवटपणाविषयीही नाही. नेट-सेट होऊन, पीएच.डी. मिळवून वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकविणारा हा तरुण अध्यापक चतुष्टय वाचताना भलत्याच ठिकाणी थबकतो. चांगदेव राजीनामा देतो आणि पुढच्या गावी त्याला नोकरी मिळते. गेल्या पिढीच्या वाचकाने ज्याला अस्थैर्य म्हटले, ते या वाचकाला चैन वाटते. साठच्या दशकात महाविद्यालये वाढत होती आणि इंग्रजीचे पदव्युत्तर पदवीधर थोडे होते, म्हणून चांगदेवाला बिढार उचलणे शक्य होते. आज अनेक कायम पदे दीर्घकाळ रिक्त असताना, दोन महाविद्यालयांत तास विभागून घेणाऱ्याजवळ सोडण्याजोगे काही नसते. संस्थाचालकांपुढील लाचारीची जी दृश्ये आपण ज्येष्ठ मंडळी हसत वाचली, ती तो हसत वाचत नाही. पदव्युत्तर वर्गात ‘झूल’विषयी बोलताना समोरच्या बाकांवर बहुधा हाच उद्याचा वाचक बसलेला असतो.