द्राक्षगर्भ काढल्यानंतर

दिवस राहिले म्हणून घरात आनंद असतो आणि सोनोग्राफीत बाळच दिसत नाही. दिसतात ते द्राक्षाच्या घडासारखे पाण्याचे फोड. याला द्राक्षगर्भ म्हणतात. वार तयार करणाऱ्या पेशी यात बेसुमार वाढतात. मग ‘काय खाल्लंस, काय उचललंस’ अशी त्या बाईची उलटतपासणी सुरू होते. ती निरर्थक आहे. पूर्ण द्राक्षगर्भात आईची गुणसूत्रे नसतातच, सगळी वडिलांकडून आलेली असतात. दोष त्यांचाही नव्हे. फलनाच्या वेळी घडलेला तो अपघात असतो.

वीस वर्षांच्या आतल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांत, तसेच पूर्वी एकदा द्राक्षगर्भ झालेल्या स्त्रियांत हा धोका अधिक. अंगावरून रक्त जाणे, उलट्यांनी हैराण होणे, महिन्यांच्या मानाने पिशवी मोठी लागणे ही त्याची लक्षणे.

पिशवी साफ केली की प्रश्न मिटला असे घरच्यांना वाटते. पण पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या शंभरातल्या साधारण पंधरा जणींत या पेशी मागे राहून वाढत जातात. काहींत फुप्फुसापर्यंत पोहोचतात. त्यांची चाहूल बीटा एचसीजी या रक्ततपासणीत लागते. ती आधी दर आठवड्याला आणि आकडा नॉर्मल झाल्यावर महिन्याला एकदा, साधारण सहा महिने करतात. त्या काळात पुन्हा दिवस राहू देऊ नयेत. गर्भारपणातही हाच आकडा चढतो, मग आजार ओळखायचा कसा? नेमके इथेच बिनसते. कल्याण-डोंबिवलीची सून विश्रांतीला माहेरी जाते, पाळी सुरू होते, बरे वाटते आणि तपासणी राहून जाते.

हा आजार क्वचित साध्या बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतरही होतो. रक्तस्राव आठवडे न् आठवडे थांबत नसेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, तर हीच तपासणी करून घ्यावी.

यावरच्या औषधाची कहाणी आपल्या परळशी जोडलेली आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने गिरणीकामगार गर्भवतींच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिला आढळले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने त्याच्याच घडणीचे, पण त्याचे काम अडवणारे मेथोट्रेक्सेट बनवले. १९५६ मध्ये मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी त्याने वारेचा पसरलेला कर्करोग हटवल्याचे जाहीर केले. तोवर अशा बहुतेक स्त्रिया दगावत. गाठी दिसेनाशा झाल्या तरी आकडा उतरेपर्यंत औषध द्यायचे, हा ली यांचा हट्ट होता. त्यापायी त्यांना संस्था सोडावी लागली. १९७२ साली याच कामासाठी त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला!

आज कमी जोखमीच्या जवळजवळ सगळ्या रुग्ण बऱ्या होतात, तेही बहुतेकदा पिशवी न काढता. ठाणे-कल्याणहून परळच्या टाटा रुग्णालयात जायची वेळ आली, तर पहिल्या दिवसापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार सोबत न्यावेत. शक्यतो तपासणी एकाच प्रयोगशाळेत करावी, म्हणजे आकड्यांची तुलना नीट होते. केमोथेरपी झाली असेल तर पुढच्या मुलासाठी साधारण वर्षभर थांबायला सांगतात. नंतर दिवस राहिले की सोनोग्राफी लवकर करून घ्यावी. शंभरात एखादीलाच द्राक्षगर्भ पुन्हा होतो.