चाक मोठे, हवा कमी

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराचे मोटारींशी जवळचे नाते आहे. वाळूजला दुचाकी व तीनचाकी वाहनांचा मोठा कारखाना आहे. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा मोटारींची जुळणी होते. २०१० साली येथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या, तेव्हा ती बातमी देशभर गाजली होती. अशा शहरात मोटार सजवण्याची हौस असणे साहजिकच आहे.

या हौसेचा एक प्रकार म्हणजे कारखान्यातून आलेली चाके काढून त्यांच्या जागी मोठ्या रिमची चकचकीत चाके बसवणे. बाजारात त्यांना ‘मॅग व्हील’ म्हणतात. मॅग्नेशियम धातूवरून हे नाव पडले, पण आज ती बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. दिसायला ती ऐटबाज असतात हे खरे. परंतु खड्ड्यांच्या रस्त्यावर ती कशी वागतात, हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे.

टायरवरचे आकडे

कोणत्याही मोटारीच्या टायरवर बाजूने एक क्रमांक उठवलेला असतो. समजा तो १७५/६५ आर १४ असा आहे. यातील १७५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे. १४ हा रिमचा व्यास, इंचांमध्ये. (‘आर’ हे अक्षर टायरमधील धाग्यांची रचना सांगते.) आता गणित करू.

भिंतीची उंची = १७५ × ०.६५ = ११३.७५ मि.मी.
रिमचा व्यास = १४ × २५.४ = ३५५.६ मि.मी.
चाकाचा एकूण व्यास = ३५५.६ + (२ × ११३.७५) = ५८३.१ मि.मी.

या मोटारीला १६ इंची रिम बसवायची आहे. चाक मडगार्डला घासू नये आणि वेगमापक चुकू नये म्हणून एकूण व्यास तेवढाच ठेवावा लागतो. त्यासाठी १९५/४५ आर १६ हा टायर घेतला, तर भिंतीची उंची ८७.७५ मि.मी. आणि एकूण व्यास ५८१.९ मि.मी. येतो. म्हणजे आपण ज्याला ‘मोठे चाक’ म्हणतो ते बाहेरून मुळीच मोठे झालेले नाही. धातूची तबकडी दोन इंचांनी वाढली आणि तेवढ्याने रबर व हवा यांचा थर कमी झाला. प्रत्येक बाजूला हा थर २६ मि.मी.ने, म्हणजे जवळजवळ एक इंचाने पातळ झाला.

बैलगाडीचे चाक काय सांगते?

मोठे चाक खडबडीत रस्त्यावर चांगले, असे आपण ऐकतो. ते खोटे नाही. मराठवाड्यातील जुन्या बैलगाडीचे चाक पुरुषाच्या छातीपर्यंत यायचे. पाच सेंटिमीटर उंचीचा दगड वाटेत आला, तर ७५ सें.मी. त्रिज्येचे चाक त्यावर चढवण्यास चाकावरील वजनाच्या सुमारे ०.३८ पट आडवे बल लागते. २९ सें.मी. त्रिज्येच्या मोटारीच्या चाकाला (टायर दबत नाही असे धरून) तेच बल सुमारे ०.६८ पट लागते. चाकाची त्रिज्या जितकी मोठी, तितका अडथळा त्याच्या दृष्टीने किरकोळ.

पण बैलगाडीत बसून पाहिलेल्या माणसाला विचारा! चाकावर लोखंडी धाव असल्यामुळे प्रत्येक दगडाचा दणका थेट हाडांपर्यंत पोचतो. म्हणजे चाकाचे गुण दोन आहेत. एक, अडथळ्यावर चढणे. तो एकूण व्यासावर अवलंबून असतो. दुसरा, धक्का झेलणे. तो चाकाच्या कडेला असलेल्या मऊ थरावर अवलंबून असतो. हा दुसरा गुण चाकाला हवेने दिला. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ साली हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले, पण ती कल्पना त्या वेळी मागे पडली. पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीच्या निमित्ताने ती पुन्हा शोधून काढली आणि मग ती जगभर पसरली.

मोठी रिम बसवताना पहिला गुण होता तेवढाच राहतो आणि दुसरा घटतो. चाक थोडेसे बैलगाडीच्या धावेकडे परत जाते!

झेल घेताना हात मागे का नेतात?

क्रिकेटचा वेगवान चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो. चेंडूची गतिज ऊर्जा ठरलेली असते. ती शोषण्यासाठी जे कार्य करावे लागते ते बल गुणिले अंतर एवढे असते. अंतर वाढले की बल कमी लागते. हात ताठ ठेवला तर तळवा झिणझिणतो.

खड्ड्याच्या पलीकडील काठावर चाक आदळते तेव्हा हेच घडते. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर हलू लागण्यापूर्वी पहिला तीव्र धक्का टायरलाच झेलावा लागतो. त्याला दबण्यासाठी फार तर भिंतीच्या उंचीएवढे अंतर मिळते. ते ११३.७५ वरून ८७.७५ मि.मी.वर आले, तर बाकी सर्व सारखे धरून तेवढीच ऊर्जा शोषण्यास सरासरी बल सुमारे ३० टक्क्यांनी जास्त लागेल. हा ढोबळ हिशेब आहे. पण दिशा बरोबर आहे.

अंतर अपुरे पडले की खड्ड्याचा काठ आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर चिमटला जातो. आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. असा टायर वेगात अचानक फुटू शकतो, म्हणून तो ताबडतोब बदलावा. रिमही सुटत नाही. पोलादी रिम बहुधा वाकते, आणि वाकलेली दिसते तरी. ओतीव ॲल्युमिनियम पोलादाइतके ताणले जात नाही. त्याला तडा जाण्याचा संभव अधिक. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही आणि हवा हळूहळू निघून जात राहते.

स्प्रिंगखालचे वजन

मोटारीचे धूड स्प्रिंगांवर तोललेले असते, तर चाके स्प्रिंगांच्या खाली असतात. समजा जुने चाक टायरसह १४ किलोग्रॅमचे होते आणि नवे १८ किलोग्रॅमचे आहे. तेवढ्याच वेगाने वर उसळताना नव्या चाकाची ऊर्जा सुमारे २९ टक्क्यांनी जास्त असेल. ते आवरण्याचे काम जुन्याच शॉकॲब्सॉर्बरला करावे लागते. उसळलेले चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि त्या क्षणी त्याचा ब्रेक निरुपयोगी असतो.

काही जण टायरची भिंत कमी न करता १८५/६० आर १६ सारखा टायर घालतात. मग हवा बरीचशी टिकते. पण एकूण व्यास ६२८.४ मि.मी., म्हणजे जवळजवळ ८ टक्के जास्त होतो. वेगमापक चाकाचे फेरे मोजत असल्याने तो ६० दाखवील, तेव्हा प्रत्यक्ष वेग त्याहून सुमारे ८ टक्क्यांनी जास्त असेल. शिवाय स्प्रिंग दबली की चाक मडगार्डला घासण्याची भीती राहते.

मग ही चाके करतातच कशाला?

बुटकी भिंत वळणावर कमी वाकते, त्यामुळे सपाट रस्त्यावर मोटार सुकाणूला चटकन प्रतिसाद देते. मोठ्या रिममध्ये मोठा ब्रेकही मावतो. म्हणून शर्यतीच्या व महागड्या मोटारींना ती कारखान्यातूनच बसवतात. पण त्याबरोबर स्प्रिंगा व शॉकॲब्सॉर्बरही तसेच योजतात.

आपले रस्ते मात्र वेगळे आहेत. मराठवाड्याची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी थर तडकतो, भेगांतून पाणी खाली मुरते आणि वाहनांच्या चाकांखाली खडी सुटू लागते. पावसाळ्यात खड्डा तयार! काँक्रीटच्या रस्त्यांवरही सांधे, झाकणे आणि गतिरोधक असतातच.

तेव्हा हौस करावयाची तर मोटारीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवर दिलेल्या मापांतूनच करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. टायरमधील हवा नियमित तपासावी. बुटक्या टायरमध्ये ती कमी असणे अधिक घातक. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेग कमी करणे. खड्ड्याच्या काठाने चाकाला वर फेकण्याचा वेग ढोबळमानाने मोटारीच्या वेगाच्या प्रमाणात असतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ताशी ४० ऐवजी २० कि.मी.ने गेलात, तर दणक्याची ऊर्जा चौथाईवर येते. २६ मि.मी. रबराने जेवढे साधते, त्याहून कितीतरी अधिक काम ब्रेकवरचा पाय करतो.

करून पाहा

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या दहा वाहनांच्या टायरवरील क्रमांक मालकांच्या परवानगीने वहीत उतरवा. प्रत्येकाच्या भिंतीची उंची आणि एकूण व्यास काढा. भिंतीची उंची एकूण व्यासाच्या किती टक्के आहे, त्याचा तक्ता करा. दुचाकी, रिक्षा, मोटार आणि शाळेची बस यांत कोणाच्या वाट्याला हवेचा थर अधिक आला आहे, आणि का, याची वर्गात चर्चा करा.