बालवाडी निवडताना आधी सतरंजी पाहा

जून जवळ आला की आपल्या वस्तीत एकच चर्चा सुरू होते, ‘पोराला कुठे घालायचे?’ चिंचपाड्यासारख्या रेल्वेकाठच्या गावात आई-बाप सकाळीच मजुरीला जातात. तीन वर्षांचे मूल कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हा त्यांचा रोजचाच घोर. काही ठिकाणी पालक एकत्र येऊन, वर्गणी काढून सहकारी बालवाडी चालवतात. विचार स्तुत्य आहे. परंतु नाव घालण्यापूर्वी चार गोष्टी पारखून घ्याव्यात, असे आम्हास वाटते.

पहिली गोष्ट समतेची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालभीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपाई हजर नसेल तर पाणी मिळत नसे. हे आपण विसरू शकत नाही. म्हणून बालवाडीत गेल्यावर भिंतीवरची चित्रे नंतर पाहा, आधी सतरंजी पाहा. सगळी मुले मिसळून बसतात काय? पाण्याचा माठ एकच आहे काय? एखाद्या पोराला खाऊ नेहमी शेवटीच मिळतो काय?

दुसरी गोष्ट भाषेची. नवापूर तालुक्यात कित्येक घरांत मावची, भिली, कोकणी बोलली जाते. घरच्या बोलीत मूल बोलले आणि बाई हसल्या, तर ते मूल गप्प बसते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले व १९५७ साली ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, मग गाणी, गोष्टी, खेळ. तीन वर्षांच्या हातात पाटी कोंबण्याची घाई त्यांनी केली नाही. आपणही करू नये.

तिसरी गोष्ट हिशेबाची. आम्ही जमाखर्चात वावरणारी माणसे, म्हणून आवर्जून सांगतो. वर्गणीची पावती मिळते काय? हिशेब सर्व पालकांपुढे वाचला जातो काय? सहकारात एका सभासदाला एकच मत असते, मग तो दुकानदार असो वा हमाल. सभा दुपारी ठेवली, तर मजुरी बुडवून कोण येणार? आणि पाळीचे काम करता आले नाही म्हणून गरीब आईला दंड होत असेल, तर तो सहकार कसला?

पैसा नाही म्हणून मात्र खचू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला रणगाडा, ट्रक व घोडे विकून गावकऱ्यांनी बालशाळा उभी केली. जवळच अहमदाबादेत ‘सेवा’ संघटनेच्या कष्टकरी भगिनींनी ‘संगिनी’ या सहकारी संस्थेमार्फत बालकेंद्रे चालवली.

शेवटची गोष्ट. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या योजनेतील अंगणवाडी हा आपला हक्क आहे. तेथे आहार व शिक्षण विनामूल्य आहे. सहकारी बालवाडीत नाव घातले, तरी अंगणवाडीतले नाव कमी करू नका. तेथे काही उणे असेल, तर पाच माता मिळून जा आणि विचारा.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेब गोणपाटावर बसून शिकले. आपले लेकरू सर्वांच्या सतरंजीवर बसले पाहिजे. नाव घालण्यापूर्वी एक सकाळ काढा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या. जयभीम!